आधी ठिकाण, मग घटना

आपत्कालीन सेवा म्हणजे जीव, शरीर किंवा मालमत्ता यांवर अचानक ओढवलेल्या संकटात धावून जाण्यासाठी चोवीस तास सज्ज ठेवलेली पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांची यंत्रणा. या यंत्रणेत वाहने असतात, प्रशिक्षित माणसे असतात, औषधे आणि उपकरणे असतात. परंतु कोणीतरी फोन करून बोलावीपर्यंत ती सारी आपल्या जागीच उभी असते. संकटाच्या जागी असलेल्या माणसाला जे दिसते ते दूरच्या नियंत्रण कक्षात बसलेल्याला दिसत नाही, आणि ते त्याला शब्दांतून दाखवण्याचे काम, त्या क्षणी ज्याच्या हाती फोन असेल त्यालाच करावे लागते. म्हणूनच संकट ओळखून वेळेवर मदत बोलावणे हीच प्राण वाचवणाऱ्या साखळीची पहिली कडी आहे, असे आपत्कालीन वैद्यकशास्त्र मानते.

या साखळीत मिनिटांचे मोल किती असते हे काही उदाहरणांवरून कळते. हृदय अचानक बंद पडले की मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. छातीवर दाब देण्यास कोणी सुरुवात केली नाही, तर अशा रुग्णाच्या वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रस्ते अपघातांच्या बाबतीत तर मोटार वाहन कायद्यानेच ‘गोल्डन अवर’ म्हणजे सुवर्णतास या संज्ञेची व्याख्या केली असून, गंभीर दुखापतीनंतरच्या ज्या एका तासात उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, त्या तासाला हे नाव दिले आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका तासाकडे कायद्याला स्वतंत्रपणे का पाहावे लागले ते उमगते.

रुग्णवाहिका एकदा निघाली की तिचा वेग रस्ता आणि वाहतूक ठरवतात, त्यावर फोन करणाऱ्याचा ताबा नसतो. परंतु ती केव्हा निघणार, आणि सरळ पोहोचणार की वाट शोधत फिरणार, हे बऱ्याच अंशी फोन करणारा काय सांगतो आणि कोणत्या क्रमाने सांगतो यावर अवलंबून असते. ही गोष्ट शिकता येते आणि शिकवताही येते. तरीही शाळेत, घरात किंवा कामाच्या जागी ती क्वचितच शिकवली जाते.

एका क्रमांकाची वाटचाल

मदतीसाठी वेगळा आणि सोपा दूरध्वनी क्रमांक असावा ही कल्पना एका दुर्घटनेतून पुढे आली. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या; समोर राहणाऱ्या शेजाऱ्याने अग्निशमन दलाला कळवण्यासाठी फोन उचलला होता, पण त्या काळी प्रत्येक फोन टेलिफोन केंद्रातील ऑपरेटरमार्फत जोडला जात असल्यामुळे त्याला इतर साध्या फोनांच्या रांगेत ताटकळावे लागले. त्यावर झालेल्या चर्चेतून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला, आणि तो फिरवताच केंद्रात वेगळा दिवा व भोंगा लागून तो फोन इतरांच्या आधी घेतला जाऊ लागला. अमेरिकेत १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहान गावातून ९११ चा पहिला फोन झाला, तर युरोपातील देशांनी १९९१ मध्ये ११२ हा सामायिक क्रमांक स्वीकारला.

भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ असे वेगवेगळे क्रमांक दीर्घकाळ चालत आले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचाराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या शिफारशींतून, साऱ्या देशासाठी एकच आपत्कालीन क्रमांक असावा हा विचार पक्का झाला आणि स्त्रियांच्या सुरक्षेसाठी उभारलेल्या निर्भया निधीतून त्यासाठी पैसा उपलब्ध झाला. ११२ या क्रमांकाची ही राष्ट्रीय यंत्रणा २८ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रथम हिमाचल प्रदेशात सुरू झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात आली.

वैद्यकीय मदतीच्या १०८ या क्रमांकाचा इतिहास स्वतंत्र आहे. ऑगस्ट २००५ मध्ये तो हैदराबादमध्ये सुरू झाला, नंतर एकेका राज्याने तो स्वीकारला, आणि महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी ‘महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा’ या नावाने ती व्यवस्था उभी राहिली. तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिका घेण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या, म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र आणि हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर असलेल्या होत्या, तर उरलेल्या ७०४ प्राणवायू, प्रथमोपचार आणि आवश्यक औषधे असलेल्या प्राथमिक प्रकारच्या होत्या. गाडीबरोबर डॉक्टर देण्याची पद्धत हे या सेवेचे वैशिष्ट्य असून, त्यामुळे रुग्णालयात पोहोचण्याआधीच, गाडीत चढवल्यापासून उपचारांना सुरुवात होते. या सेवेसाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

कोणता क्रमांक लावावा

क्रमांकांची यादी लांबलचक असली, तरी सामान्य माणसाने दोनच क्रमांक अगदी तोंडपाठ ठेवले तरी पुरेसे आहेत. आजारपण, अपघात, प्रसूती, सर्पदंश, भाजणे अशा प्रसंगी १०८, आणि मारामारी, चोरी, छेडछाड, आग, पूर किंवा नेमके कोणाला बोलवावे हे न सुचणारा कोणताही प्रसंग असेल तर ११२. चुकून एकाऐवजी दुसरा क्रमांक लावला तरी बिघडत नाही. संबंधित सेवेकडे निरोप पोहोचवण्याची सोय असते, आणि योग्य क्रमांक कोणता याचा विचार करण्यात घालवलेला वेळ चुकीच्या क्रमांकापेक्षा महाग पडतो. गोव्यातही हे दोन्ही क्रमांक चालतात.

याखेरीज काही क्रमांक विशिष्ट प्रसंगांसाठी आहेत. गरोदर माता आणि नवजात बाळ यांच्या मोफत ने-आणीसाठी १०२, संकटातील स्त्रियांसाठी १८१ आणि १०९१, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, रेल्वेत १३९, स्वयंपाकाच्या गॅसची गळती झाल्यास १९०६, आणि समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांसाठी तटरक्षक दलाचा १५५४, हे त्यांतले प्रमुख होत. संकटातील मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकाचा उगम मुंबईत झाला असून, टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ साली सुरू झालेला हा उपक्रम पुढे देशभर पसरला. बँक खात्यातून फसवणुकीने पैसे गेल्यास १९३० वर तत्काळ कळवावे लागते, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते गोठवणे शक्य असते. लहान गावांत मात्र एक खबरदारी अधिक घ्यावी: तालुक्याच्या नगरपरिषदेचे अग्निशमन केंद्र, जवळचे पोलीस ठाणे आणि ग्रामीण रुग्णालय यांचे पूर्ण दूरध्वनी क्रमांकही फोनमध्ये साठवून ठेवावेत.

फोन वाजतो कुठे

पूर्वी १०० क्रमांक लावला की तो जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस नियंत्रण कक्षात वाजत असे, आणि फोन घेणाऱ्याला बहुधा त्या भागातल्या गल्ल्या, चौक आणि देवळे ठाऊक असत. आता राज्यात कोठूनही ११२ लावले तरी तो फोन राज्यस्तरीय केंद्राकडे जातो. नवी मुंबई हे त्याचे मुख्य आणि नागपूर हे दुसरे केंद्र आहे. तेथे फोन घेणारी व्यक्ती माहिती संगणकावर नोंदवते, ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते, आणि तेथून घटनास्थळाजवळच्या पोलीस गाडीतील ‘मोबाइल डेटा टर्मिनल’ या पडद्यावर, म्हणजे गाडीत बसवलेल्या संगणकावर, ती उमटते. १०८ चेही असेच मध्यवर्ती केंद्र पुण्यात औंध येथील उरो रुग्णालयाच्या आवारात उभारले गेले.

या रचनेचा लाभ असा की कोणताही फोन एकाच जागी नोंदवला जातो आणि तो घेतला की नाही, गाडी केव्हा निघाली, केव्हा पोहोचली याचा हिशेब राहतो. तिचा परिणाम मात्र फोन करणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवा: सिंधुदुर्गातल्या वाडीतून किंवा गडचिरोलीतल्या पाड्यावरून केलेला फोन घेणारा माणूस शेकडो किलोमीटर दूर बसलेला असतो, आणि ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढे सांगून त्याला काहीही कळत नाही. मोबाइल फोनवरून काही प्रमाणात ठिकाण कळू शकते. परंतु डोंगराळ भागात, दाट वस्तीत किंवा बहुमजली इमारतीत हे अनुमान बरेच चुकू शकते. फोनमधील ‘लोकेशन’ सुरू ठेवणे उपयोगी असले, तरी ठिकाण तोंडाने नीट सांगण्याला ते पर्याय ठरत नाही.

ठिकाण सांगण्याची रीत

महाराष्ट्रात एकाच नावाची अनेक गावे असणे ही नित्याची बाब आहे. वडगाव, पिंपळगाव, पिंपरी, निमगाव ही नावे तालुक्यातालुक्यांत आढळतात, आणि एकाच तालुक्यातही त्यांना ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ असे शब्द जोडून वेगळे ओळखले जाते. फारसीतून आलेल्या या शब्दांपैकी खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठे. रोजच्या बोलण्यात ते गाळले जातात, कारण गावच्या माणसाला कोणते वडगाव हे सांगावे लागत नाही. फोनवर मात्र हा एक शब्द गाळला तर गाडी दुसऱ्याच वडगावात जाऊन उभी राहू शकते. म्हणून जिल्हा, तालुका, गावाचे पूर्ण नाव, मग वाडी, वस्ती किंवा मळा आणि शेवटी जवळची खूण, असे मोठ्याकडून लहानाकडे येणे हा सर्वांत सुरक्षित क्रम होय. खूण सांगताना ती परक्या माणसाला दिसेल अशी असावी: शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, पाण्याची टाकी, दूध डेअरी, एसटीचा थांबा, नदीवरचा पूल. ‘पाटलांच्या विहिरीपाशी’ ही खूण गावकऱ्यांसाठी असते, बाहेरून येणाऱ्या चालकासाठी नव्हे. वस्ती मुख्य रस्त्यापासून आत असेल, तर कोणत्या फाट्यावरून वळायचे आणि पुढचा रस्ता गाडीजोगा आहे की पाणंद आहे, हेही सांगावे.

महामार्गावर गाव नसते, पण दगड असतात. राष्ट्रीय महामार्गावरील किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा, तर राज्य महामार्गावरील दगडाचा माथा हिरवा रंगवलेला असतो, आणि त्यावर पुढच्या गावाचे नाव व अंतर लिहिलेले असते. दोन दगडांच्या दरम्यान दर २०० मीटरवर लहान दगड असतात, ज्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. नव्या द्रुतगती मार्गांवर हीच माहिती दुभाजकाजवळच्या फलकांवर असते, आणि ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जेथे मैलोन्‌मैल वस्ती लागत नाही, तेथे फलकावरचा तो आकडाच पत्त्याचे काम करतो. तो आकडा सांगताना कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर अपघात झाला तेही सांगणे आवश्यक आहे, कारण दुभाजकाच्या पलीकडे पोहोचलेल्या रुग्णवाहिकेला वळण्यासाठी कित्येक किलोमीटर पुढे जावे लागते.

रेल्वेमार्गावरही अशीच व्यवस्था असून तिच्याकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही. विजेच्या तारा धरून ठेवणाऱ्या रुळांकडेच्या प्रत्येक खांबावर १०४/२२ अशा प्रकारचा आकडा रंगवलेला असतो, आणि त्यात तिरक्या रेघेच्या अलीकडचा आकडा किलोमीटरचा, तर पलीकडचा त्या किलोमीटरमधील खांबाचा असतो. गाडीतून कोणी पडल्याचे दिसले, तर दोन स्थानकांची नावे आणि असा एक आकडा एवढ्यावर शोधपथक नेमक्या जागी जाऊ शकते.

शहरात गावाचे नाव निश्चित असते, तेथे गोंधळ इमारतीपाशी होतो. एकाच संकुलात दहा-बारा इमारती, प्रत्येकीला दोन-तीन विंग आणि रात्री बंद होणारी दोन फाटके असतील, तर रस्त्यावर वेळेत आलेली रुग्णवाहिका आत अडकून पडते. संकुलाचे नाव, विंग, मजला, सदनिकेचा क्रमांक, उघडे असलेले फाटक आणि उद्वाहक चालू आहे की नाही, या गोष्टी सांगाव्यात. कोणीतरी एक जण फाटकापाशी आणि एक जण उद्वाहकापाशी उभा करावा. जुन्या वस्त्यांत जेथे गल्लीत गाडी शिरत नाही, तेथे ती कोठवर येऊ शकते हे सांगून माणूस तेथे पाठवावा.

काय सांगावे, कसे सांगावे

घाबरलेला माणूस आधी घटना सांगतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर घटनाच असते. ‘लवकर गाडी पाठवा, मोठा अपघात झालाय, माणूस रक्तबंबाळ झालाय’ एवढे बोलून त्याने फोन ठेवला किंवा तेवढ्यात रेंज गेली, तर नियंत्रण कक्षाला सर्व काही कळते आणि तरीही काहीच करता येत नाही. याउलट तोच माणूस असे बोलला तर काय घडते ते पाहावे: ‘पुणे-नाशिक महामार्ग, जुन्नर तालुका. आळेफाट्याहून नारायणगावकडे जाताना तीन किलोमीटरवर, डाव्या हाताला पेट्रोल पंप आहे. दुचाकी आणि टेम्पोची धडक झाली आहे. दोघे जखमी आहेत, एक बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे. टेम्पो रस्त्यात आडवा पडला आहे.’ हे बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही. पहिल्या दोन वाक्यांनंतर फोन तुटला असता, तरी गाडी कोणत्या दिशेने पाठवायची हे ठरले असते; उरलेल्या वाक्यांवरून किती गाड्या, कोणत्या प्रकारच्या आणि सोबत पोलीस हवेत की नाहीत हे ठरते.

ठिकाण, घटना, माणसे, त्यांची अवस्था आणि अजून असलेला धोका, असा हा पाच गोष्टींचा क्रम आहे. अवस्था सांगताना रोगाचे नाव शोधत बसू नये. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतो आहे का, रक्त किती वाहते आहे, वय साधारण किती आहे, एवढे दिसेल तसे सांगावे. धोक्यात तुटलेली वीजवाहिनी, गॅसचा वास, वाढते पाणी, रसायनांचा टँकर किंवा हातात शस्त्र असलेला माणूस यांचा उल्लेख यावा, कारण मदतीला येणाऱ्यांचाही जीव असतो. फोन घेणारा प्रश्न विचारतो म्हणजे वेळ काढतो, असा अनेकांचा समज होऊन ते चिडतात. वस्तुतः प्रश्नांची उत्तरे नोंदली जात असतानाच पुढील व्यवस्था सुरू होऊ शकते. म्हणून समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवू नये आणि नंतरही तो क्रमांक मोकळा ठेवावा, कारण वाट चुकलेला चालक त्याच क्रमांकावर फोन करतो. गर्दीत ‘कोणीतरी केला असेल’ असे समजून सगळेच थांबतात. अशा वेळी एकाकडे बोट दाखवून ‘तुम्ही १०८ लावा आणि काय म्हणाले ते मला सांगा’ असे नेमून द्यावे.

गाडी येईपर्यंत

फोन स्पीकरवर ठेवला तर हात मोकळे राहतात, आणि सूचना ऐकत काम करता येते. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर त्याचे हृदय थांबले आहे असे मानून छातीवर दाब देण्यास, म्हणजेच सीपीआरला, लगेच सुरुवात करावी. येथे एक फसवी गोष्ट असते: हृदय थांबल्यावरही काही काळ आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा तुटक श्वास दिसतो, आणि ‘श्वास चालू आहे’ असे समजून लोक थांबतात; तो खरा श्वास नव्हे. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून, छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर न वाकवता, प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास दुसऱ्याने जागा घ्यावी, पण खंड पडू देऊ नये.

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. अपघातातील माणसाच्या मानेला किंवा पाठीला इजा झाल्याची शंका असेल, तर आग किंवा वाहतुकीचा धोका असल्याशिवाय त्याला हलवू नये, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीजपुरवठा बंद करावा. गॅसचा वास येत असेल, तर दिव्याचे बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि फोन घराबाहेर येऊन करावा, कारण विजेच्या उपकरणातील लहानशी ठिणगीही भडका उडवण्यास पुरते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप होत. दंश कोणत्याही सापाचा असो, जखमेवर चिरा देणे, रक्त चोखणे, दोरी आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ आणि अवयव दोन्ही जाऊ शकतात, म्हणून रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय होय.

भीती आणि कायदा

अपघात पाहूनही फोन न करणाऱ्या माणसांत निष्ठुर थोडे आणि घाबरलेले फार असतात. पोलीस चौकशीत अडकवतील, न्यायालयाच्या फेऱ्या घालाव्या लागतील, रुग्णालय आपल्याकडेच पैसे मागेल, ही ती भीती. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात असा निर्णय दिला की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून, पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. पुढे ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली, आणि २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून त्या संरक्षणाला कायद्याचे रूप दिले. सद्भावनेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्या माणसाला कायद्याने ‘गुड समॅरिटन’ अशी संज्ञा दिली आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि जखमी व्यक्तीच्या दुखापतीबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. गुन्ह्याच्या बाबतीत ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तरही आता टिकणारे नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात.

या संरक्षणाची दुसरी बाजू फोन करणाऱ्याच्या जबाबदारीची आहे. गंमत म्हणून केलेला खोटा फोन एका गाडीला आणि दोन-तीन माणसांना खऱ्या संकटापासून दूर नेतो, आणि लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेनुसार शिक्षापात्र गुन्हाही आहे. मुलांच्या हातून चुकून क्रमांक लागला, तर घाईने फोन तोडू नये. ‘चुकून लागला, येथे सर्व ठीक आहे’ असे सांगावे, म्हणजे पलीकडचा माणूस निश्चिंत होतो आणि पुढचा फोन घेतो.

बोलता येत नसेल, किंवा जवळ नसाल तर

घरातच हिंसा सोसणाऱ्या स्त्रीला किंवा कोणी पाठलाग करत असलेल्या मुलीला मोठ्याने बोलणे शक्य नसते. अशांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोबाइल फोनमध्ये ‘पॅनिक बटण’ असण्याचा नियम केला: साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यास, आणि स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबल्यास, आपत्कालीन फोन लागावा अशी ही योजना आहे. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये पद्धत थोडी वेगळी असू शकते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती आधीच पाहून ठेवावी. ‘११२ इंडिया’ हे ॲपही याच यंत्रणेशी जोडलेले आहे. कुलूपबंद पडद्यावरूनही आपत्कालीन फोन करता येतो, त्यामुळे बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या फोनचा पासवर्ड ठाऊक नसला तरी त्याच फोनवरून ११२ लावता येते.

पुणे, ठाणे, नागपूर येथे एकटे राहणारे आईवडील आणि अमेरिकेत, युरोपात किंवा आखातात असलेली मुले, असे चित्र आता असंख्य मराठी घरांत आहे. तेथून ११२ किंवा १०८ लावल्यास तो फोन भारतात लागत नाही. तो लागलाच तर त्या देशातल्या सेवेला लागतो. म्हणून परदेशातील मुलांनी शेजारी, सोसायटीचा पहारेकरी, जवळचे रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांचे भारताच्या ९१ या संकेतांकासह पूर्ण क्रमांक साठवून ठेवावेत, आणि घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.

तयारी आजची

संकटात स्मरणशक्ती दगा देते. स्वतःचा पत्ता रोज लिहिणारा माणूसही त्या क्षणी पिनकोड विसरतो. त्यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. एका कागदावर ठळक अक्षरांत ११२ आणि १०८, त्याखाली जिल्ह्यापासून दारापर्यंतचा पूर्ण पत्ता, परक्याला दिसेल अशी एक खूण, घरातील वृद्धांचे आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी, आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक लिहून तो कागद दाराच्या आतल्या बाजूस किंवा फ्रिजवर चिकटवावा. घरकामाला येणारी बाई, आजी आणि सात-आठ वर्षांचे मूल या तिघांनाही तो वाचून दाखवता येईल, आणि एकदा क्रमांक प्रत्यक्ष न लावता, लुटुपुटीचा फोन करून त्याचा सरावही करून घेता येईल. मुंबईच्या गोदीतील १९४४ च्या स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. शाळा, सोसायट्या आणि ग्रामपंचायतींनी निदान त्या आठवड्यात तरी असा सराव घ्यावा, प्रत्येक वस्तीच्या फाट्यावर नावाची पाटी लावावी आणि इमारतीच्या विंगेचे अक्षर रस्त्यावरून, रात्रीही वाचता येईल इतके मोठे रंगवावे.

मदतीची गाडी कितीही सुसज्ज असली तरी तिला पत्ता लागतो, आणि तो पत्ता सांगणारा माणूस त्या दिवशी घरात कोण असेल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून वाचकांनी हा लेख बाजूला ठेवण्याआधी तो कागद लिहून दारामागे लावावा, आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाला एकदा विचारून पाहावे: आपण राहतो ते ठिकाण कोणते?